दोघींपैकी कुणाचा डबा

बेटावरच्या त्या शहरात एकट्या म्हाताऱ्यांना घरपोच जेवण देणारी एक छोटीशी संस्था होती. ती चालवणाऱ्या दोघी बहिणींचं बिनसलं आणि एका संस्थेच्या दोन झाल्या. डबे पोचवायला दोघी त्याच गल्ल्यांमधून फिरायच्या, पण एकमेकींकडे बघायच्याही नाहीत. एकटे राहणाऱ्या वडिलांना मात्र दोघी न चुकता भेटून जायच्या, वेगवेगळ्या दिवशी.

एके दिवशी ते चक्कर येऊन पडले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "नुसत्या चहा-पावावर दिवस काढलेत यांनी. अंगात त्राणच उरलेलं नाही."

थोरली धाकटीवर उखडली. "बाबांना डबा तुझ्याकडून जातो ना?"

"माझ्याकडून? मला तर म्हणाले, ताईचा येतो."

"अगं, मला म्हणाले, तुझा येतो!"

दोघी खाटेकडे वळल्या. बाबांनी नजर चुकवली.

"जिचा घेतला असता," ते पुटपुटले, "ती दारातच डबा देऊन पुढच्या घरी गेली असती. भेटायला म्हणून आली नसती."

"काहीतरीच काय, बाबा!" असं म्हणायला दोघींनी तोंड उघडलं. पण एकीलाही ते म्हणता आलं नाही.