शुक्रवारचं टेबल

ज्यानं माती खाल्ली, त्यानं शुक्रवारी सगळ्यांना बिअर पाजायची, असा टीमचा रिवाज होता. सॉफ्टवेअर कोणाच्या चुकीनं बंद पडलं यावरून टोमणे सुरू व्हायचे. दुसऱ्या ग्लासानंतर मनातलं निघायचं. निनादनं स्वतःच्या घटस्फोटाचं सांगितलं ते त्याच टेबलावर, ईशानीला.

मग चुका दुरुस्त करणारं एआय टूल आलं. काही बंद पडेना, कोणी बसेना.

आज शुक्रवारी सकाळी ईशानीच्या बाबांचा रिपोर्ट वाईट आला. तिला ते टेबल हवं होतं. तिनं मुद्दाम ढोबळ चूक करून कोड पाठवला आणि चहा आणायला गेली. परतेपर्यंत स्क्रीनवर संदेश उमटला: 'किरकोळ चूक दुरुस्त केली आहे.'

"निनाद, आज बसायचं का रे?"

त्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. "कोणी माती खाल्ली?"

"कोणीच नाही."

"मग कशाला उगाच?" म्हणत त्यानं हेडफोन पुन्हा कानावर ओढला.