रविवारची शिकवणी

"सोडू नकोस हं बाबा!"

"नाही सोडत. तू पुढे बघ."

एका हातानं सायकलची सीट धरून ब्रेकमास्तर मुलीच्या मागे धावत होता. बंद पडलेल्या कारखान्यामागचं हे सिमेंटचं आवार रविवारी सकाळी रिकामं असे. सायकल डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली आणि नेमकी कडेच्या गवतावर जाऊन आडवी झाली. मुलगी कपडे झटकत उठली.

"जमतच नाही रे मला."

ब्रेकमास्तर हे नाव त्याला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चिकटलं होतं. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो दाबून दाबून त्याचा उजवा पाय इतका तयार झाला होता की घरी बायकोनं आवाज चढवला तरी आपोआप खाली जाई. उपयोग होत नसे. निम्म्या शहराला त्यानं गाडी शिकवली होती. एक खाटीक, एक न्यायाधीश, एक सासू आणि तिची सून. अर्थात वेगवेगळ्या वेळी. फक्त पोटच्या पोरीला सायकल शिकवायला त्याला सवड नव्हती. कारण लोकांना सवड असे ती रविवारी.

म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यानं संकल्प केला. रविवारची सकाळ मुलीची, ती सायकल शिकेपर्यंत. बायको नुसतं "बरं" म्हणाली. आधीच्या संकल्पांच्या आयुर्मानाची तिला कल्पना होती. बिनसाखरेचा चहा दुपारपर्यंत टिकला होता, आणि व्यायाम गजर वाजेपर्यंत. हा संकल्प मात्र उन्हाळा तोंडावर आला तरी ठणठणीत होता. कारण सोपं होतं. पोरीला सायकल येतच नव्हती.

तसं हे नवलच. घरात तिला भिंगरी म्हणत. कुंपणाच्या भिंती, जिन्याचे कठडे, कपाटाचा माथा, चढायचं म्हणून तिनं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. "शिकवणारा कच्चा, दुसरं काय!" बायको म्हणे. "एव्हाना गाढवाला स्कूटर आली असती."

ड्रायव्हिंग स्कूलचे मालक तर पहिल्याच रविवारी कळवळले होते. बापलेक घरातून निघत असताना त्यांचा फोन आला. "मास्तर, रविवारची गिऱ्हाइकं परत चाललीयत हो!"

"साहेब, एकदा पोरीला सायकल आली की रविवार पुन्हा तुमचा," मास्तरनं शब्द दिला होता. भिंगरी तेव्हा उंबऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत होती. बराच वेळ बांधत होती.

धंद्यात मात्र मास्तरला फसवणं सोपं नव्हतं. कित्येक महाभाग वर्षानुवर्षं चोरून गाडी चालवतात, आणि लायसन्स काढायची वेळ आली की नवशिक्याचं सोंग घेऊन येतात. गाडी मुद्दाम बंद पाडतात, गिअरशी कुस्ती खेळतात. सोंग झकास वठतं. पण रस्त्यात अचानक काही आडवं आलं की तोंड काहीही म्हणो, हातपाय खरं बोलतात. मग मास्तर खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणे, "नाटक पुरे. सरळ परीक्षेलाच बसा."

"चल, पुन्हा एकदा," तो आता म्हणाला.

भिंगरी बसली. तो सीट धरून वाकून धावू लागला. श्वास भात्यासारखा चालला होता आणि तिच्या पाठीपलीकडचं फारसं दिसत नव्हतं. एवढ्यात कोपऱ्यावरून एक म्हातारबाबा आडवे आले. म्हणजे त्यांचं कुत्रं आलं आणि ते मागून ओढले गेले.

मास्तरचा उजवा पाय सवयीनं सिमेंटवर आपटला. पण सायकल त्याआधीच थांबली होती. जराही न डगमगता. भिंगरीनं दोन्ही ब्रेक अलगद दाबले होते, डावा पाय टेकवला होता, आणि हात पुढे करून कुत्र्याला ती अदबीनं म्हणत होती, "जा तुम्ही आधी."

कुत्रं गेलं. म्हातारबाबाही गेले. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. तिनं मागे वळून बापाकडे पाहिलं, सायकल हळूच गवताकडे कलती केली, आणि पडली.

मास्तरनं तऱ्हेतऱ्हेचे शिकाऊ पाहिले होते. आधी नीट थांबून मग पडणारा एकही पाहिला नव्हता. शेजारच्या मैत्रिणीकडे सायकल होती, आणि शाळा सुटल्यावरच्या संध्याकाळी मोकळ्या होत्या. कुठे शिकलीस, हे विचारायचीही गरज नव्हती. नेहमीचं वाक्य त्याच्या ओठांवर आलं.

"नाटक..."

खिशात फोन वाजला.

"काय मास्तर, आली की नाही सायकल?" मालकांचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरज पडत नसे. तो आवाज थेट गवतापर्यंत पोचला.

गवतावर भिंगरी मान खाली घालून बुटाची नाडी बांधायला लागली होती. नाडी सुटलेली नव्हती.

"कसली येतेय, साहेब!" मास्तर म्हणाला. "इतकी कच्ची शिकाऊ मी जन्मात पाहिली नाही. हे वर्ष काही तुम्ही धरू नका."