उलट्या रंगांचा डाव

दर रविवारी करिश्मा केडगावहून एसटीनं न्हावऱ्याला माहेरी येते आणि वडिलांशी, म्हणजे जालिंदर आप्पांशी, बुद्धिबळाचा एक डाव खेळते. आप्पांच्या सोंगट्या कायम पांढऱ्या, तिच्या काळ्या. काळ्यांचा किंग्ज इंडियन बचाव तिनं दहाव्या वर्षीच पक्का केला होता. राजा कोपऱ्यात, शेजारी उंट, पुढं प्याद्यांची भिंत. वीस वर्षांत आप्पांना ती एकदाही फोडता आली नव्हती.

वर्षभरापासून आप्पांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. या रविवारी ते आपणहून पटाच्या काळ्या बाजूला जाऊन बसले. करिश्मानं पांढऱ्या सोंगट्या घेतल्या आणि आपला तोच बचाव उलट्या रंगानं मांडला.

आप्पा पटाकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"आमची करिश्मा बी असंच खेळती."

"आप्पा, मीच करिश्मा."

"व्हय का?" दारात आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं ते अदबीनं म्हणाले. मग त्यांनी कडेचं प्यादं पुढं सारलं, मागून हत्ती आणला आणि सहा चालींत तिच्या राजाला मात दिली.

करिश्मानं आपला राजा पटावर आडवा ठेवला.

आप्पा पुढं झुकले आणि हळू आवाजात म्हणाले,



"हे फोडायला मला पयल्यापास्नं येतंय. पर तिला सांगू नका बाई, हरली की लई रडती ती."