उशिरा दाबलेलं बटण

माझ्या सासऱ्यांचा उभा जन्म खेळांचे फोटो काढण्यात गेला. अलीकडे मात्र बोट जडावलं होतं. चेंडू गेल्यावर बटण दाबलं जायचं. “आज नातीची फायनल. आजही हुकलं, तर कॅमेरा कपाटात,” त्यांनी सांगून टाकलं. लेकाने घेऊन दिलेला नवा कॅमेरा रोखून ते मैदानाच्या कडेला, तिच्या गोलपाशी बसले. ती गोलकीपर. समोरचा संघ कच्चा. गोल तिकडेच होणार म्हणून बाकीचे सगळे फोटोग्राफर पलीकडे ठाण मांडून होते. शेवटच्या मिनिटाला चेंडू अचानक इकडे आला, पोरीने झेप घेतली आणि बोटांच्या टोकांनी तो बाहेर ढकलला. बाबांनी बटण दाबलं तेव्हा ती गवतात पडलेली होती. “हुकलं गं, सूनबाई.” मी कॅमेरा हातात घेतला. बटणावर बोट टेकवून ठेवलं, तर पूर्ण दाबण्याआधीचा अर्धा सेकंदही हा टिपून ठेवतो. पडद्यावर पोर हवेत होती आणि चेंडू तिच्या बोटांना टेकलेला. “बाबा, हे बघा की!” ते फुगलेच. “हा फोटो यंत्राने काढला. मी नाही.” तेवढ्यात चिखलाने माखलेली नात धावत आली नि पडद्यात डोकं खुपसून हसली. “आजोबा, यंत्राला काय ठाऊक मी अडवणार म्हणून? सगळे तिकडे बसले होते, तुम्ही एकटेच माझ्याकडे बघत होतात.” बाबांनी रुमालाने पडद्यावरचा चिखल पुसला. “पुढची मॅच कधी आहे गं?”