लोम्पाची राखण

नदी समुद्राला मिळते तिथे झावळ्या बांधल्या, की लोम्पा माशांची पिल्लं मोठी होईपर्यंत गावात कुणी तिथे जाळं टाकायचं नाही. राखणदार तोबियास. गेल्या बंदीत त्याच्या धाकट्या भावानं, यूसनं, आजारी बायकोच्या कालवणापुरते मूठभर लोम्पा धरले, तेव्हा तोबियासनं चर्चसमोर सख्ख्या भावाच्या पाठीवर वेत ओढले होते. तेव्हापासून यूसनं त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

आज मासेमारीवर मर्यादा किती घालावी, हे लोकांना विचारायला आंबोन शहराहून सरकारी साहेब आले होते. गावप्रमुखाच्या सांगण्यावरून तोबियास पहाटेपासून सभेच्या पताका बांधत होता. भरसभेत गावप्रमुखानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, मर्यादा आम्हाला नका शिकवू. हा पठ्ठ्या सख्ख्या भावालाही सोडत नाही!"

टाळ्या पडल्या. तोबियासची छाती फुगली. यूस भिंतीला टेकून खाली बघत राहिला.

पाहुण्यांची पंगत आधी बसली. साहेब बोटं चाटत म्हणाले, "वा! हा कुठला मासा? आमच्या बाजारात कधी दिसला नाही."

"दिसेल कसा? लोम्पा आहे, आमच्या नदीशिवाय मिळतोय कुठे!" गावप्रमुख आणखी वाढत म्हणाला. "खास तुमच्यासाठी पहाटे माणसं पाठवली."

तोबियासनं खिडकीतून नदीकडे पाहिलं. झावळ्या जिथल्या तिथे होत्या.

यूस त्याच्याजवळ आला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलला,

"दादा, वेत आणू?"