भोंगा वाजला नाही तेव्हा

सकाळी सात वाजता मुख्याध्यापिका फाटकाशी पोचल्या, तर पायरीवर इस्त्रीवाली बसलेली आणि तिच्या मांडीवर पहिलीतली लेक दप्तरासकट डाराडूर. “अगं, शाळा आठची! केव्हापासून बसलीस?” “तांबडं फुटल्यापासून, बाई. मला घड्याळ कळत नाही. कारखान्याचा भोंगा वाजला की हिला घेऊन निघते. काल संध्याकाळी कारखान्याला टाळं लागलं. हिचा एकही दिवस चुकला नाही, आजचा कसा चुकू देऊ?” “एक दिवस उशीर झाला असता तर मी काय तिला खाल्लं असतं?” इस्त्रीवाली हसली. “मीही जायचे शाळेत, धाकट्यांचं आवरून, उशिरा. रोज पहिला तास बुडायचा. बुडता बुडता शाळाच बुडाली.”  बाईंनी वर्ग उघडला, भिंतीवरचं घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवलं. “बस, आत्ताच शिकवते.” “या वयात? मला फार उशीर झाला, बाई.” “उशीर कसला? तू तर दोन तास आधी आलीस!”