वीरभद्राची तलवार

"अप्पा, वीरभद्र पोरीच्या अंगात कामून येत न्हाई?" मैत्रिणींनी "हिंमत असंल तर विचार" म्हणून डिवचलं होतं, म्हणून अंबिकानं विचारूनच टाकलं.

जत्रेत वीरभद्र अंगात आला की गालातून सळई आरपार काढून तलवार नाचवणारे अप्पा म्हणाले, "पोरींना रगत सोसत न्हाई." भाकरी थापणारी आई गालात हसली.

अंबिकानं मोबाइलवर रॉक बँडच्या लाइव्ह कॉन्सर्टची फिल्म लावली. गिटार आपटून फोडलं गेलं. ड्रमरच्या फुटलेल्या बोटांतून ठोक्यागणिक रक्त उडायला लागलं, चेहरा मात्र केसांनी झाकलेला. अप्पा मांडी थोपटत म्हणाले, "ह्येच्या अंगात खरा वीरभद्र आलाय बघ."

केस मागं गेले. पोरगी होती.

 

"अप्पा, यंदा जत्रंत तलवार मी नाचवणार. दर म्हयन्याला रगत कोण सोसतंय, ते आईला विचारा."